भट्टी ते अणुभट्टी : धातुशास्त्रज्ञ डॉ. ब्रह्मप्रकाश यांच्या कार्याचा अभ्यास

एका पालकाचा प्रश्न

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले होते. मुलगी आपल्या वसतिगृहात राहून दहावी झाली, पुढे बारावीलाही चांगले गुण मिळवले. अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेरीत तिला ‘मेटलर्जी’, म्हणजे धातुशास्त्र अभियांत्रिकी, ही शाखा मिळाली होती. प्रवेश निश्चित करण्यास दोन दिवस उरले होते. वडील एका फौंड्रीत भट्टीवर काम करणारे. हातावर ठिणग्यांचे जुने डाग होते.

“जय भीम, सर.”

“जय भीम, भाऊ. बसा. पोरीचं अभिनंदन.”

“अभिनंदन कसलं सर? कॉम्प्युटर मिळाला नाही, हे मिळालं. मी बावीस वर्षं भट्टीपुढं उभा राहून लोखंड ओततोय. पोरीला एवढं शिकवलं, ते पुन्हा भट्टीपुढंच उभी करायला का?”

मी इतिहासाचा शिक्षक. धातूंचे ज्ञान मला नाही. परंतु ‘विचार करून सांगतो’ एवढे म्हणून त्यांना परत पाठवणे मनाला पटेना. त्या रात्री ग्रंथालयात जे हाती लागले ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फोनवर एका माणसाची हकिकत सांगितली. त्यानंतरही त्या माणसाविषयी मी वाचत राहिलो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तीच हकिकत अधिक विस्ताराने मांडावी असे वाटले, कारण असा प्रश्न पडणारे पालक आपल्यांत पुष्कळ आहेत. माणसाचे नाव डॉ. ब्रह्मप्रकाश. भारताच्या अणुशक्ती कार्यक्रमाचा उल्लेख झाला की डॉ. होमी भाभांचे नाव सर्वांना आठवते. ज्या धातूंवाचून तो कार्यक्रम कागदावरच राहिला असता, ते धातू या देशात घडवणाऱ्या ब्रह्मप्रकाशांचे नाव मात्र शालेय पुस्तकांत सहसा आढळत नाही.

लाहोर ते अमेरिका

ब्रह्मप्रकाश यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१२ रोजी लाहोर येथे झाला. शिक्षणाने ते प्रथम रसायनशास्त्रज्ञ. पंजाब विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात उच्च पदव्या घेतल्या. आयुष्याची सुरुवातीची नोकरी साधी होती: धातूंची तपासणी करणारा सरकारी निरीक्षक. काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. कारखान्यांतून येणारे पोलाद आणि इतर धातू ठरलेल्या कसाला उतरतात की नाही, हे पाहण्याचे हे काम. नमुना घ्यावा, त्याचे पृथक्करण करावे, ताण देऊन तो कोठे तुटतो हे पाहावे आणि अहवाल लिहावा. पुढील आयुष्यातील शिस्तीचे मूळ या निरीक्षकाच्या नोकरीत असावे, असे मला वाटते. धातू कोणाच्याही हुद्द्याकडे किंवा शब्दाकडे पाहून आपला गुण बदलत नाही. जे आहे तेच नमुन्यात दिसते.

युद्ध संपता संपता भारत सरकारने होतकरू तरुणांना उच्च तांत्रिक शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची योजना आखली. ब्रह्मप्रकाश अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे गेले. वय तिशी ओलांडलेले, गाठीला नोकरीचा अनुभव. तरीही ते पुन्हा विद्यार्थी झाले. खनिजांपासून धातू वेगळा काढण्याचे तंत्र आणि त्यामागील उष्णतेचे शास्त्र हे त्यांचे विषय होते. ते रसायनशास्त्रज्ञ म्हणून गेले आणि धातुशास्त्रज्ञ होऊन परतले. दरम्यान देशाची फाळणी झाली होती. लाहोर आता दुसऱ्या देशात होते.

आपल्या वाचकांनी येथे एक संदर्भ लक्षात ठेवावा. त्याच दशकात, १९४२ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य या नात्याने सरकारला एक निवेदन दिले होते. त्यात अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रविद्येच्या शिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. साध्या घरातील मुलाला प्रयोगशाळेची पायरी चढायची असेल तर बुद्धीबरोबर सार्वजनिक पैशाचा आधार लागतो, ही जाणीव त्या काळाची आहे. आपल्या शाळेतील अनेक माजी विद्यार्थी ज्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात शिकले, तिचा उगम तेथे आहे.

धातू निर्दोष होता, नमुना अशुद्ध होता

ब्रह्मप्रकाशांचे मोठे काम समजून घ्यायचे तर एका अपरिचित धातूची ओळख करून घ्यावी लागते. त्याचे नाव झिरकोनियम.

१७८९ हे वर्ष आपण फ्रेंच राज्यक्रांतीचे म्हणून शिकतो आणि शिकवतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मार्टिन हाइनरिख क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञाने दोन नवी मूलद्रव्ये ओळखली: युरेनियम आणि झिरकोनियम. पुढे दीडशे वर्षांनी अणुभट्टीत ही दोन्ही एकमेकांच्या सान्निध्यात नांदणार आहेत, याची कल्पना त्या काळी कोणालाही असणे शक्य नव्हते.

अणुभट्टीत युरेनियमच्या अणूचे केंद्रक फुटते, उष्णता निर्माण होते आणि न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन पुढच्या अणूंना फोडतात आणि साखळी चालू राहते. इंधनाची उष्णता भोवतालचे पाणी वाहून नेते. इंधन पाण्यात मिसळू नये म्हणून ते धातूच्या बंद नळीत ठेवावे लागते. ही नळी कशाची करावी? ती तीनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात गंजता कामा नये, किरणोत्साराच्या माऱ्यात टिकली पाहिजे आणि मुख्य म्हणजे तिने न्यूट्रॉन गिळता कामा नयेत. गिळले तर साखळी तुटते. पोलाद मजबूत असते, पण न्यूट्रॉन बरेच खाते.

झिरकोनियम गंजाला दाद देत नाही, हे ठाऊक होते. परंतु न्यूट्रॉन गिळण्याच्या कसोटीवर तो नापास ठरला होता. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील ओक रिज येथील हर्बर्ट पॉमरान्स आणि एमआयटीतील अल्बर्ट कॉफमन यांच्या कामातून खरी गोष्ट उघड झाली. निसर्गात झिरकोनियम कधीच एकटा सापडत नाही. त्याच्यात सुमारे दोन टक्के हाफ्नियम मिसळलेला असतो. दोन्ही धातू रासायनिक गुणधर्मांत इतके सारखे की १९२३ साली कोपनहेगनमध्ये शोध लागेपर्यंत हाफ्नियमचे वेगळे अस्तित्वच कोणाला समजले नव्हते. न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र दोघे दोन टोकांना. हाफ्नियम झिरकोनियमच्या पाचशेहून अधिक पटींनी न्यूट्रॉन गिळतो. दोष हाफ्नियमचा होता आणि नापासाचा शिक्का झिरकोनियमवर बसला होता. हाफ्नियम वेगळा काढल्यावर झिरकोनियम अणुभट्टीसाठी उत्तम धातू ठरला. वेगळा झालेला हाफ्नियमही वाया गेला नाही. न्यूट्रॉन गिळण्याचा त्याचा गुण अणुभट्टीचा वेग आवरणाऱ्या नियंत्रक दांड्यांत उपयोगी पडला.

ही हकिकत मी वर्गात अनेकदा सांगतो. निकाल देण्यापूर्वी नमुन्यात काय मिसळले आहे ते तपासले पाहिजे. ‘या मुलांना गणित येत नाही’ असा शेरा ऐकून आपल्या शाळेत आलेल्या मुलांची उपासमार, रोजची पायपीट आणि घरातला अंधार बाजूला काढल्यावर त्यांच्या गणिताचे काय झाले, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

ट्रॉम्बेचा पहिला ठोकळा

अमेरिकेतून परतल्यावर ब्रह्मप्रकाश मुंबईत अणुशक्ती विभागाच्या कामात धातुशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. १९५१ ते १९५७ या काळात ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये धातुशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. मोठी कामे ज्यांच्या हातून पुढे व्हायची ती माणसे तेथील वर्गांतून घडत होती. १९५७ मध्ये ते मुंबईला, ट्रॉम्बे येथील अणुशक्ती आस्थापनेत परतले. हीच संस्था १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. धातुशास्त्राचे सर्व काम त्यांच्याकडे आले.

त्या वेळी कॅनडाच्या साहाय्याने ट्रॉम्बेला ‘सायरस’ ही संशोधन अणुभट्टी उभी राहत होती. तिचे इंधन म्हणजे युरेनियम धातूच्या, ॲल्युमिनियमच्या आवरणात घट्ट बसवलेल्या कांड्या. सर्व कांड्या कॅनडातून आणणे सोपे होते. परंतु पहिल्या भरणीतील निम्म्या कांड्या आपण येथेच करावयाच्या, असे भाभांनी ठरवले. तेव्हा देशात अणुभट्टीच्या दर्जाचा युरेनियम धातू कोणी पाहिलाही नव्हता.

‘अणुभट्टीच्या दर्जाचा’ म्हणजे काय, हे फौंड्रीत काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी ताडून पाहावे. ओतीव लोखंडात कार्बन किंवा सिलिकॉन अर्धा टक्का इकडे-तिकडे झाला तर माल नाकारला जातो. येथे बोरॉनसारखा न्यूट्रॉन गिळणारा पदार्थ दहा लाख भागांत एक भागही चालत नाही. शिवाय युरेनियम हा चंचल धातू आहे. त्याचे बारीक कण हवेत आपोआप पेट घेतात. अणुभट्टीत त्याचे दाणे एका दिशेने लांबतात, दुसऱ्या दिशेने आखडतात. म्हणून ओतल्यानंतर उष्णतेची योग्य प्रक्रिया करून दाण्यांची रचना बदलावी लागते. ते साधले नाही तर कांडी भट्टीतच वाकडी होते आणि आवरण फुटते.

१९५९ च्या जानेवारीत ट्रॉम्बे येथे अणुभट्टीच्या दर्जाच्या युरेनियम धातूचा पहिला ठोकळा तयार झाला. १० जुलै १९६० रोजी सायरस कार्यान्वित झाली. देशात घडवलेल्या कांड्या परदेशी कांड्यांच्या बरोबरीने त्या भट्टीत वापरल्या गेल्या. हे यश एका माणसाचे नव्हते. रसायनतज्ज्ञ, ओतकाम करणारे, लेथवर कांडी तासणारे, वेल्डिंग करणारे, क्ष-किरणांनी जोड तपासणारे असे शेकडो हात त्यामागे होते. त्या हातांना एका मापात आणणे हे धातुशास्त्रज्ञाचे काम. आपल्या समाजव्यवस्थेने शतकानुशतके हाताचे काम करणाऱ्यांना ग्रंथापासून आणि ग्रंथ वाचणाऱ्यांना हाताच्या कामापासून दूर ठेवले. मध्य भारतात लोखंड गाळणाऱ्या आगरिया लोकांची विद्या कोणत्याही पाठशाळेत शिरली नाही. धातुशास्त्राचा अभियंता या दोन तुटलेल्या बाजू एकत्र आणतो. तो पुस्तक वाचतो आणि भट्टीपुढेही उभा राहतो. त्या पालकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे सापडले.

वाळूपासून नळीपर्यंत

यानंतरचे काम झिरकोनियमचे. सुदैवाने कच्चा माल आपल्या किनाऱ्यावर होता. केरळमधील चवरा आणि तमिळनाडूतील मनवलकुरिची येथील काळसर वाळूत मोनाझाइट, इल्मेनाइट यांच्यासोबत झिरकॉन नावाचे खनिज मिळते. वाळूपासून नळीपर्यंतचा प्रवास मात्र लांबचा आहे.

झिरकॉन दाहक सोड्याबरोबर तापवून फोडायचा. तो नायट्रिक आम्लात विरघळवायचा. मग त्या द्रावणातून एका विशिष्ट सेंद्रिय द्रवाच्या साहाय्याने झिरकोनियम आणि हाफ्नियम वेगळे करायचे. ही पायरी अतिशय चिकाटीची, कारण दोन्ही जुळ्या भावांसारखे वागतात. एकदा गाळून भागत नाही, पुनःपुन्हा गाळावे लागते. शेवटी दहा लाख भागांत हाफ्नियमचे शंभर भागही उरता कामा नयेत. नंतर झिरकोनियमचे क्लोराइड करून मॅग्नेशियमच्या साहाय्याने धातू मोकळा करायचा. ही रीत लक्झेंबर्गचे धातुशास्त्रज्ञ विल्यम क्रोल यांची. तिच्यातून स्पंजासारखा सच्छिद्र धातू मिळतो. तो निर्वात भट्टीत विजेच्या ठिणगीने वितळवून ठोकळे पाडायचे, त्यांत कथिल, लोह, क्रोमियम यांची अल्प मात्रा मिसळून ‘झिरकॅलॉय’ हा मिश्रधातू करायचा आणि शेवटी दाबून, लाटून, ओढून नळी करायची. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ.

ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळांत ब्रह्मप्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रत्येक पायरीवर प्रथम लहान प्रमाणावर हुकमत मिळवली. झिरकोनियमप्रमाणे बेरिलियम, टायटॅनियम अशा इतर अवघड धातूंवरही काम झाले. प्रयोगशाळेत किलोभर जमले म्हणजे कारखान्यात टनभर जमते असे नाही, हे ते जाणून होते. म्हणून हैदराबाद येथे इंधन आणि नळ्या दोन्ही एकाच आवारात करणारे ‘न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स’ उभारण्याचे ठरले. त्याच्या उभारणीची धुरा ब्रह्मप्रकाशांवर होती. १९७१ साली ते स्थापन झाले. एका बाजूने समुद्राची वाळू आत येते आणि नळी होऊन बाहेर पडते. दुसऱ्या बाजूने झारखंडमधील जादूगुडा येथील युरेनियमचे पिवळे संयुग आत येते आणि त्याच्या ऑक्साइडच्या गोळ्या होतात. भुकटी दाबून, सुमारे १७०० अंश तापमानात भाजून केलेल्या या गोळ्या नळीत भरतात, दोन्ही टोकांना बुच बसवून वेल्डिंग करतात आणि गळती तपासतात.

एक हिशोब मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. राजस्थानातील रावतभाट्याच्या पद्धतीच्या अणुभट्टीत ३०६ आडव्या वाहिन्या असतात. प्रत्येक वाहिनीत इंधनाच्या १२ मोळ्या, एकूण ३६७२. प्रत्येक मोळीत १९ नळ्या. म्हणजे ६९ हजार ७६८ नळ्या. प्रत्येक नळीला दोन टोके, म्हणजे जवळजवळ एक लाख चाळीस हजार जोड. त्यांपैकी एक जोड सुटला तरी किरणोत्सारी द्रव्य पाण्यात उतरते.

या स्वावलंबनाचे मोल लवकरच कळले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने आपले साहाय्य थांबवले. रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी अर्धवट होती. नळ्या आणि इंधन बाहेरून आणण्याची पाळी असती तर काम तेथेच थांबले असते. ती भट्टी भारतीयांनी पूर्ण केली आणि १९८१ साली तिचे व्यावसायिक वीज उत्पादन सुरू झाले. आपल्या पालघर जिल्ह्यातील तारापूरला १९६९ साली वीज देऊ लागलेल्या अणुभट्ट्यांचे इंधनही याच धातूच्या आवरणातले.

साठाव्या वर्षी नवे क्षेत्र

डिसेंबर १९७१ च्या अखेरीस डॉ. विक्रम साराभाई यांचे आकस्मिक निधन झाले. थुंबा येथील अवकाश संशोधनाच्या निरनिराळ्या शाखा एकत्र करून १९७२ मध्ये तिरुवनंतपुरम येथे ‘विक्रम साराभाई अंतराळ केंद्र’ आकाराला आले. त्याचे पहिले संचालक म्हणून निवड झाली ती अग्निबाणाच्या अभियंत्याची नव्हे, तर साठीला पोहोचलेल्या धातुशास्त्रज्ञ ब्रह्मप्रकाशांची. ज्या वयात बहुतेक लोक निवृत्तीचे कागद भरतात त्या वयात ते नव्या क्षेत्रात विद्यार्थ्यासारखे शिरले.

निवड विचारपूर्वक होती. अग्निबाण हा शेवटी पदार्थांचा प्रश्न आहे. पातळ पण मजबूत कवच, ज्वाला सोसणारे मुख, वजन कमी करणारे मिश्रधातू. शिवाय वेगवेगळ्या स्वभावाच्या तज्ज्ञांच्या गटांना एका शिस्तीत आणण्याचा अनुभव त्यांना ट्रॉम्बे आणि हैदराबाद येथे मिळाला होता. त्यांच्या काळात एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचे काम डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली चालू होते. ‘अग्निपंख’ वाचलेल्या वाचकांना कलामांनी ब्रह्मप्रकाशांविषयी व्यक्त केलेला आदर आठवेल. १९७९ मध्ये ब्रह्मप्रकाश त्या पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अपयशी ठरले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला.

पद्मश्री (१९६१), शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९६३), पद्मभूषण (१९६८) असे सन्मान त्यांना मिळाले. ३ जानेवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला चालते. परंतु त्यांचे खरे स्मारक पुढच्या पिढीच्या कामात आहे. १९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील पिकरिंग येथे झिरकॅलॉयची एक दाबनलिका फुटली. हायड्रोजन शोषून तो धातू ठिसूळ झाला होता. त्यानंतर आपल्या अणुभट्ट्यांतही जुन्या नलिकांच्या जागी झिरकोनियम-नायोबियमच्या नलिका आल्या. या मिश्रधातूंच्या अंतर्गत रचनेचा सखोल अभ्यास करणारे डॉ. श्रीकुमार बॅनर्जी हेही धातुशास्त्राचेच पदवीधर. पुढे ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

दुसरी बाजू

एवढ्यावर लेख संपवला तर तो अपुरा राहील. आपण ज्या परंपरेत मुलांना वाढवतो तिच्यात ‘सम्यक आजीविका’ हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. आपल्या कामाचे फळ कोणाच्या पदरी काय पडते, हे विचारणे आपल्यावर बंधनकारक आहे.

सायरस संशोधनासाठी उभारली गेली. तिच्यात युरेनियमच्या कांड्या जळत, औषधोपचाराला व शेतीच्या संशोधनाला लागणारी किरणोत्सारी द्रव्ये तयार होत. त्याच कांड्यांत प्लुटोनियमही तयार होत असे आणि १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला त्यासाठी सायरसचे प्लुटोनियम वापरले गेले. पुढे त्या स्फोटाच्या नावात जगाला करुणा शिकवणाऱ्या तथागताचे नाव गोवले गेले. ते ऐकताना आपल्यापैकी अनेकांना वेदना झाली आहे. मलाही झाली. तसेच जादूगुड्याचे. ज्या खाणीच्या युरेनियमवर शहरांत दिवे लागतात, त्या परिसरातील आदिवासींच्या जमिनीचे आणि आरोग्याचे प्रश्न वर्षानुवर्षे मांडले जात आहेत.

म्हणून आपल्या मुलांनी हे शास्त्र शिकू नये काय? माझे मत उलट आहे. खाणीजवळचे पाणी तपासायला, नलिकेतील तडा वेळेवर ओळखायला, कामगाराला किती किरणोत्सार बसला याचा हिशोब मागायला जाणकार माणूस लागतो. सभेत ‘हे तांत्रिक आहे, तुम्हाला समजणार नाही’ असे सांगितले जाते तेव्हा ‘मला समजते, आकडे दाखवा’ म्हणणारा आपल्या वस्तीतून गेलेला असावा. विज्ञानाचा उपयोग कशासाठी करायचा, हे ठरणाऱ्या खोलीत आपली मुले नसतील तर तो निर्णय त्यांच्यावाचून होईल. परिणाम मात्र त्यांच्याही वाट्याला येतील.

पालकांना उत्तर

त्या दिवशी फोनवर मी हे सर्व सांगितले नव्हते. एवढेच म्हणालो, “भाऊ, ही शाखा म्हणजे तुमच्याच कामाचं शास्त्र आहे. तुम्ही लोखंड ओतता. ते असं का वागतं, हे पोरगी शिकेल. ज्यांनी देशाच्या अणुभट्टीसाठी धातू बनवला, ते याच शास्त्राचे होते. पण रस तिला आहे का, हे माझ्यापेक्षा तिला विचारा.”

त्यांनी तिला विचारले. तिने प्रवेश घेतला. नोकरीचे काय होईल, हे मी त्यांना सांगू शकलो नाही आणि आजही सांगू शकत नाही. पहिले वर्ष तिला जड गेले, एक विषय राहिला, तो पुढे सुटला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बापलेक शाळेत आले. तिच्या हातात एक छापील छायाचित्र होते. वडिलांच्या फौंड्रीतून आणलेला ओतीव लोखंडाचा तुकडा तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घासून, आरशासारखा करून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. करड्या पार्श्वभूमीवर काळ्या पाकळ्या पसरल्या होत्या.

“हे ग्राफाइट, सर. असं पसरलं की लोखंड ठिसूळ होतं. थोडं मॅग्नेशियम टाकलं की याच्या पाकळ्या जाऊन गोळे होतात, मग ते लवकर तुटत नाही.”

वडील बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मॅग्नेशियम टाकताना केवढा उजेड पडतो ते मी रोज बघतो. आत हे होतंय, हे कुणी कधी सांगितलंच नाही.”

ते छायाचित्र आपल्या शाळेच्या विज्ञान कक्षात लावले आहे. वर्धापनदिनाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ते अवश्य पाहावे.